प्रकाशाला भाजीवरचं औषध दिसतं, पण किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात पर्वरीला भाजीचं दुकान, माल बहुतेक बेळगावचा, थोडा गावठी. गिऱ्हाइकं रोज विचारतात, "औषध मारलेली नाही ना?" एका विक्रेत्यानं हातात धरायचं यंत्र आणून दाखवलं: भाजीवर लेसर धरायचा, दहा सेकंदांत पडद्यावर लाल नाहीतर हिरवं. भाजी कापायला नको, वाटायला नको. किंमत काही लाख. ते घ्यावं का, आणि प्रकाशानं हे खरंच कळतं का?

आधी सरळ उत्तर देते. प्रकाशानं औषध ओळखता येतं, ही गोष्ट खरी आहे. पण त्या यंत्राचा हिरवा दिवा पाहून गिऱ्हाइकाला "ही भाजी निर्धोक आहे" असं तुम्हाला सांगता येणार नाही. तेवढ्याचसाठी घेणार असाल तर घेऊ नका. असं का, हे जरा सविस्तर सांगते, म्हणजे विक्रेता पुन्हा आला की त्याला काय विचारायचं हे तुमच्याकडे तयार असेल. मी वीस वर्षांहून जास्त काळ कीटकनाशकांचे अंश तपासण्याचं काम करते आहे. सुरुवातीची सगळी वर्षं भाजी वाटून, अर्क काढून तपासण्यात गेली. गेली आठेक वर्षं त्याच्या जोडीला रामन आणि निअर इन्फ्रारेड या प्रकाशानं पदार्थ ओळखायच्या दोन पद्धतींवर काम चालू आहे.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. भाजीवर काही आहे का? आहे तर ते कोणतं औषध? आणि ते मर्यादेच्या वर आहे का खाली? गिऱ्हाइकाला खरं तर तिसऱ्याचं उत्तर हवं असतं. प्रकाश पहिल्याचं उत्तर कधीकधी देतो, दुसऱ्याचं काही ठरावीक औषधांपुरतं देतो, आणि तिसऱ्याशी येऊन अडतो.

का अडतो ते आकड्यांतच बघा. अडीचशे ग्रॅमचा एक मानकुराद हातात घ्या. ज्या औषधाला त्या पिकावर वेगळी मर्यादा ठरवून दिलेली नाही, त्याला एफएसएसएआय या देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या नियमानं किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच मुभा आहे. म्हणजे त्या एका आंब्यावर अडीच मायक्रोग्रॅम. सालीचं क्षेत्रफळ साधारण दोनशे चौरस सेंटिमीटर धरलं, तर एका चौरस सेंटिमीटरला जेमतेम १२ नॅनोग्रॅम येतात. हे औषध सालीवर सगळीकडे सारखं पसरलं असं समजलं, तर त्याचा थर एका रेणूच्या जाडीचाही होत नाही. साल बहुतेक उघडीच राहते. आता लेसरचा ठिपका एक दशांश मिलिमीटर रुंदीचा असेल, तर त्याखाली सापडणारं औषध सुमारे एक पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. आणि त्याच ठिपक्याखाली सालीचं मेण आहे, रंगद्रव्यं आहेत, पाणी आहे. प्रकाश पडला की ही मंडळी सगळी एकदम बोलायला लागतात. त्या गलक्यात एका पिकोग्रॅमचा आवाज ऐकायचा आहे.

बरं, औषध सारखं पसरत नाही. फवाऱ्याचा थेंब वाळताना कडेला वर्तुळ धरतो, देठाच्या खळग्यात साचतो, वरच्या बाजूला जास्त बसतो, पानाआड कमी. त्यामुळे एकाच भेंडीवर दोन बोटांच्या अंतरावर दोन वेगळी उत्तरं येतात. यंत्र खोटं बोलत नसतं, ते फक्त तेवढा ठिपका बघत असतं.

आता "प्रकाश" म्हणून जे विकलं जातं त्यात वेगवेगळ्या जाती आहेत, आणि विक्रेते त्या सर्रास एकत्र करतात. निअर इन्फ्रारेड हे स्वस्त आणि खिशात मावणारं. आंब्याची गोडी, सुकं द्रव्य, धान्यातला ओलावा यासाठी ते उत्तम आहे, मी स्वतः वापरते. पण ते मापतं ते शेकड्याच्या हिशेबात. साधारण ०.१ टक्क्याच्या खाली त्याची नजर जात नाही, आणि ०.१ टक्का म्हणजे किलोला हजार मिलिग्रॅम. आपली मर्यादा त्याच्या लाखाव्या भागाला. शिवाय ९७०, १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास पाणीच इतका प्रकाश शोषतं की ओल्या भाजीवर बाकीचं सगळं त्यात बुडून जातं. चोर्ला घाट उतरून पहाटे आलेली भाजी तुम्ही पाहिली आहे. वर पाणी मारलेलं असतं, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका.

तरीही निअर इन्फ्रारेड किंवा अनेक तरंगलांब्यांचा कॅमेरा वापरून "फवारलेली" आणि "न फवारलेली" भाजी शेकडा अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर ओळखली, असे दावे तुम्हाला दिसतील. मी त्यावर एकदा विश्वास ठेवला होता. आम्ही टोमॅटोवर अशीच संगणकाची पद्धत बसवली: अर्धे टोमॅटो शेतात मारतात त्या मात्रेनं फवारलेले, अर्धे तसेच. दोन आठवड्यांत संगणक दोन्ही गट चोख वेगळे करायला लागला. मग आमच्या एका सहकारी मुलीनं विचारलं, "मॅडम, नुसतं पाणी मारून बघूया?" आम्ही तिसरा गट केला. पाण्यात फक्त चिकटा घातला, म्हणजे औषध पानावर पसरावं म्हणून घालतात तो साबणासारखा पदार्थ. औषधाचा थेंबही नाही. संगणकानं ते सगळे टोमॅटो "फवारलेले" म्हणून दाखवले. तो औषध ओळखत नव्हताच. चिकट्यानं सालीवरची नैसर्गिक लकाकी बदलली होती, ती तो ओळखत होता. तेव्हापासून कोणताही दावा समोर आला की मी पहिलं हेच विचारते: नुसतं पाणी मारलेल्या भाजीवर तुमचं यंत्र काय म्हणतं?

तुम्हाला दाखवलेलं यंत्र लेसरचं आहे, म्हणजे ते बहुधा रामन असणार. सर सी. व्ही. रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात जो परिणाम जाहीर केला, तोच हा. एका रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला की परत येणाऱ्या प्रकाशात अगदी थोडा भाग रंग बदलून येतो, आणि किती बदलला यावरून रेणू कोणता ते कळतं. रेणूच्या बोटांचे ठसेच म्हणा ना. हे निअर इन्फ्रारेडपेक्षा कितीतरी नेमकं आहे, आणि पाण्याचा त्रासही त्याला कमी. अडचण अशी की कोटीभर प्रकाशकणांमागे एखादाच असा रंग बदलून येतो. उलट पानातलं हरितद्रव्य लेसर पडला की स्वतःच चमकायला लागतं, आणि ती चमक रामनच्या क्षीण खुणा झाकून टाकते. तांबड्या भाजीचं, म्हणजे लाल माठाचं, पान लेसरखाली धरलं की वर्णपटाची रेघ नुसती डोंगरासारखी वर चढत जाते, तिच्यावर एक शिखर सापडत नाही. गाजर किंवा पिकलेला टोमॅटो धरा, शिखरं सुरेख दिसतात, पण ती त्यांच्या स्वतःच्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांची, रामनच्या मोजपट्टीवर १५२५ आणि ११५७च्या आसपास. अनोळखी माणूस तेच औषध समजतो.

आणि "भाजीला काही होत नाही" याबद्दल. काळपट जांभळं वांगं होतं, आगशीच्या बाजूचं. ठसा स्पष्ट यावा म्हणून लेसरची शक्ती वाढवली. चाचणी संपली तेव्हा सालीवर मोहरीच्या दाण्याएवढा डाग होता, कडा करपलेल्या, मध्ये किंचित खड्डा, आणि वांगं भाजल्याचा हलका वास. गडद साल प्रकाश शोषते आणि तापते. हाच लेसर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, आणि तुमच्या दुकानात पोरं गल्ल्यापर्यंत येतात. हे विक्रेता सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

रामनची ताकद वाढवायची एक युक्ती आहे, आणि या विषयातलं सगळं खरं काम तिच्याभोवती चाललं आहे. चांदीचे किंवा सोन्याचे अतिसूक्ष्म कण औषधाच्या रेणूला चिकटले, तर त्यांच्या सान्निध्यात रामनचा संकेत लाखपट किंवा त्याहूनही जास्त वाढतो. हे १९७०च्या दशकात चांदीच्या इलेक्ट्रोडवर लक्षात आलं. २०१० साली चीनमधल्या संशोधकांनी सोन्याच्या कणांवर सिलिकाचं पातळ कवच चढवून ते कण भुकटीसारखे संत्र्याच्या सालीवर पसरले आणि पॅराथिऑन हे कीटकनाशक ओळखून दाखवलं. संत्रं कापावं लागलं नाही. तेव्हापासून चिकटपट्टीवर धातूचे कण लावून ती फळावर दाबायची, सोलून काढायची आणि पट्टी तपासायची, अशाही पद्धती निघाल्या.

आमच्याकडे मी करते ते याहून साधं आहे. कापसाचा बोळा अल्कोहोलमध्ये भिजवून भेंडीच्या ठरावीक लांबीवर तीनदा फिरवते, देठाजवळून टोकाकडे. तो बोळा दोन थेंबांत पिळते, त्यातला एक काचेवर, वर चांदीच्या कणांच्या पाण्याचा एक थेंब. ते पाणी ताजं असेल तर पिवळसर राखी दिसतं. क्षाराचा अंश लागला की कण एकमेकांना धरतात आणि रंग काळवंडतो. थेंब वाळत आला की लेसर. थायरम नावाचं बुरशीनाशक असेल तर १३८०च्या आसपास असं उंच शिखर उभं राहतं की शंकाच नको. भेंडी शाबूत राहते, फक्त पुसलेला भाग अल्कोहोलनं जरा निस्तेज होतो. चांदी भेंडीला लागतच नाही, हा मोठा फायदा. खायच्या वस्तूवर धातूचे कण टाकून ती परत टोपलीत ठेवणं मला मान्य नाही.

पण थायरम का दिसतं? त्यात गंधक आहे, आणि गंधक चांदीला घट्ट धरतं. थायाबेंडाझोल हे बुरशीनाशक दिसतं, पॅराथिऑनसारखी काही दिसतात. सायपरमेथ्रिनच्या घराण्यातली औषधं चांदीकडे फारशी वळत नाहीत, ती याच पद्धतीत निसटतात. आणि मिश्रण असेल तर चांदीला जे जास्त आवडतं ते जागा पटकावतं, दुसरं असून दिसत नाही. आपल्याकडे नोंदणी असलेली कीटकनाशकं तीनशेच्या आसपास आहेत. एका चांदीच्या थेंबात त्यातली मूठभरच विश्वासानं दिसतात.

यात आणखी एक भर. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम, ॲसिफेट ही आंतरप्रवाही औषधं. ती झाडाच्या रसातून आत जातात. सालीवर फिरणारा प्रकाश किंवा बोळा त्यांना गाठणार नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली याच चांदी-सोन्याच्या पद्धतीनं सफरचंदं तपासली, तेव्हा थायाबेंडाझोल चोवीस तासांत सालीत ८० मायक्रोमीटरपर्यंत शिरलेलं दिसलं.

इथवरचं थोडक्यात: निअर इन्फ्रारेड या मात्रेला पुरत नाही, साधं रामन ठिपक्यापुरतं आणि हरितद्रव्यापुढे हतबल, चांदीच्या मदतीचं रामन खरंच कामाचं, पण काही औषधांपुरतं आणि वरवरचं. म्हणून लाल दिवा आला तर त्याला अर्थ असू शकतो. हिरव्या दिव्याचा अर्थ "मी शोधलं त्यात सापडलं नाही" एवढाच.

मग हे कुणाच्याच उपयोगाचं नाही का? परिस्थितीवर आहे. सत्तरी तालुक्यातला एखादा बागायतदार, स्वतःच फवारणारा, मला हाच प्रश्न विचारता तर माझं उत्तर वेगळं असतं. त्याला औषधाचं नाव माहीत आहे, तारीख माहीत आहे, फळ एकाच जातीचं आहे. त्या एका औषधासाठी पद्धत बसवता येते, आणि काढणीआधी दर दोन दिवसांनी बोळा फिरवून अंश उतरतोय का ते पाहता येतं. तुमच्याकडे मात्र पंधरा भाज्या, पन्नास शेतं, आणि पंपात काय होतं हे सांगणारा कुणीच नाही. प्रकाशाला ओळखीचं माणूस गर्दीत शोधता येतं. अनोळखी कोण आहे ते तो सांगत नाही.

तुमच्या जागी मी असते तर यंत्रापेक्षा आधी कोणत्या भाजीवर लक्ष ठेवायचं ते ठरवलं असतं. आंब्यावर लोक सर्वांत जास्त शंका घेतात, पण तुडतुड्यांसाठीची मुख्य फवारणी मोहोरावर होते आणि फळ हाती यायला त्यानंतर तीनेक महिने जातात. तेवढ्यात बराच अंश उतरलेला असतो. (कार्बाइडनं पिकवणं हा वेगळा विषय, तो या यंत्रात येतच नाही.) खरी काळजी आहे ती रोज किंवा दिवसाआड तोडाव्या लागणाऱ्या भाज्यांची: भेंडी, वांगी, हिरवी मिरची, चवळीच्या शेंगा. लेबलवर फवारणी आणि तोडणी यांत अमुक दिवस थांबा असं लिहिलेलं असतं, पण भेंडी तीन दिवस थांबली तर जून होते, बाजारात कुणी घेत नाही. शेतकऱ्याची कोंडी तिथे आहे. पालेभाज्या आणि कोथिंबीर यांचंही तसंच, वजनाच्या मानानं पृष्ठभाग खूप. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात मागणी एकदम चढते तेव्हा ही घाई आणखी वाढते. मी नमुने घेते ते याच भाज्यांचे आणि याच दिवसांत.

विक्रेता परत आला तर त्याला दुकानातच तीन गोष्टी करायला सांगा. तुमच्या ओळखीच्या घरच्या परसातली, कधीच न फवारलेली भाजी आठ-दहा प्रकारची आणा, आणि ती बाजारच्या भाजीत मिसळून, फक्त आकडे घालून, त्याच्यापुढे ठेवा. त्यातल्या काहींवर आदल्या दिवशी भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी मारून वाळवून ठेवा. तिसरं, त्याला विचारा की त्याच्या प्रात्यक्षिकात भाजीवर औषध किती होतं. बाजारात मिळणाऱ्या १७.८ टक्के इमिडाक्लोप्रिडचं पाव मिली एक लिटर पाण्यात घातलं की त्या पाण्यात सुमारे ५० मिलिग्रॅम औषध असतं. त्यात बुडवलेली मिरची कुठलंही यंत्र पकडेल. किलोला ०.०१च्या पातळीवर ते काय दाखवतं, आणि नेमकी कोणकोणती औषधं ओळखतं, हे त्यानं लिहून द्यावं. यादी देत नसेल तर बोलणं तिथेच संपवा. सुई खुपसून आकडा दाखवणारी मीटरं कुणी आणली तर ती औषध मापतच नाहीत; भाजीच्या रसातून वीज किती वाहते यावरून ती नायट्रेटचा अंदाज बांधतात.

गोव्यात आपण याचा एक अनुभव घेतला आहे. २०१८च्या जुलैत मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचं जागेवरच्या चाचणीत निघालं, मग पुढच्या तपासणीचं निराळंच सांगितलं गेलं, आणि लोकांचा विश्वास उडाला तो बराच काळ परत आला नाही. पटकन होणारी चाचणी कुठे बोट दाखवायचं ते सांगते. निकाल द्यायचा तो पक्क्या चाचणीनं. दुकानाच्या पाटीवर "तपासलेली भाजी" लिहिण्याआधी हा प्रसंग आठवा.

पक्की चाचणी म्हणजे भाजी वाटून, क्वेचर्स नावाच्या ठरावीक पद्धतीनं अर्क काढून, एलसी-एमएस आणि जीसी-एमएस या रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रांवर दोनशेच्या वर औषधं एकदम बघणं. यात भाजी जाते, पण टोपलीतली किलोभरच. अन्न सुरक्षा कायदा २००६च्या कलम ४० प्रमाणे विकत घेणाऱ्यालाही शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो. दुकानदार म्हणून एनएबीएल या प्रयोगशाळा पारखणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तुम्ही थेट पाठवू शकता. यंत्राच्या पैशांत असे कितीतरी नमुने होतील. महिन्याला दोन, तेही वरच्या चार भाज्यांतले आणि एका वेळी एका पुरवठादाराचे, पाळीपाळीनं, एवढं वर्षभर केलंत तर कुणाचा माल घ्यायचा हे तुम्हाला कागदावर कळेल. पुरवठादारालाही कळेल की तुम्ही तपासता, आणि माझ्या अनुभवात त्याचा परिणाम लवकर दिसतो.

तोवर गिऱ्हाइकाला धुण्याबद्दल सांगा, ते खरं आणि उपयोगी आहे. वर सांगितलेल्या सफरचंदांवर खायच्या सोड्याचं पाणी, लिटरला दहा ग्रॅम, नुसत्या पाण्यापेक्षा सरस ठरलं: फॉस्मेट या कीटकनाशकाचा ९६ टक्के अंश पंधरा मिनिटांत गेला, थायाबेंडाझोलचा ८० टक्के बारा मिनिटांत. उरलेला सालीच्या आत शिरलेला होता, तो धुऊन जात नाही. नळाखाली नुसतं दोन सेकंद धरून काही होत नाही, भिजू द्यावं लागतं.

नमुना पाठवताना भेंडी, मिरची, वांगी एक किलो घ्या, आणि वांगी असतील तर दहा नग तरी असू द्या, टोपलीच्या वरून-खालून-मधून. कोबीसारखा मोठा माल दोन किलो, किमान पाच गड्डे. धुऊ नका, देठ काढू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका. नव्या प्लास्टिक पिशवीत, बर्फाच्या पेटीत, त्याच दिवशी. पिशवीवर पुरवठादार, तारीख आणि भाजी लिहा. आणि प्रयोगशाळेला आधीच विचारा की त्यांच्या यादीत कोणती औषधं आहेत आणि प्रत्येकाचं किती कमी प्रमाण ते खात्रीनं मोजू शकतात. अहवाल आला की "आढळलं नाही" या शब्दांशेजारचा तो आकडा आधी वाचा. तो ०.०१ किंवा त्याहून खाली असेल, तरच त्या दोन शब्दांवर तुम्ही विसंबू शकता.